माडाकडची विंग, विहिरीकडची विंग

एकतीस वर्षं मी आमच्या वाडीच्या नाटकात आहे आणि प्रेक्षकांना एकदाही दिसलेलो नाही. मी प्रॉम्प्टर, म्हणजे नट वाक्य विसरला की ते आतून हळूच सांगणारा. देवगड तालुक्यात समुद्राला टेकून आमची वाडी आहे. मे महिन्यात सत्यनारायणाची वार्षिक पूजा असते, आंब्याचा हंगाम सरत आलेला असतो, मुंबईकर आलेले असतात आणि रात्री नाटक होतं. लहानपणापासून मी बोलताना अडखळतो. कुजबुजताना मात्र एक अक्षर अडत नाही. हे आमच्या गुरुजींच्या लक्षात आलं. त्यात माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला वही देऊन मंचाच्या कडेच्या आडोशाला, विंगेत बसवलं. अजून तिथेच आहे.

यंदा वाडीतली तरुण मुलं स्वतः नाटक बसवणार आहेत. त्यातला एक परवा आला आणि म्हणाला, "काका, नेपथ्य म्हणजे नेमका काय ओ?" त्याला खळ्यात बसवून चहाबरोबर जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. नुसते शब्द पाठ करून नाटक येत नाही. पण शब्द माहीत नसला की दोघे एकाच गोष्टीबद्दल दोन समज करून घेतात, आणि ते कळतं थेट प्रयोगाच्या रात्री, तीनशे माणसांसमोर.

आधी वही

लिहिलेल्या नाटकाला संहिता म्हणतात. तिचे मोठे तुकडे म्हणजे अंक आणि अंकातले छोटे तुकडे म्हणजे प्रवेश. जागा बदलली किंवा मधे काळ गेला की साधारण नवा प्रवेश सुरू होतो. जुनी संगीत नाटकं पाच-पाच अंकी असायची, रात्र सरायची. आता दोन अंक आणि मधे एक मध्यंतर, की झालं. तुम्ही पहिल्यांदाच करताय तर एकांकिका घ्या. एकच अंक, अर्धा-पाऊण तास, चार-पाच पात्रं. पण मुलं ऐकत नाहीत. पहिल्या वर्षीच ऐतिहासिक तीन अंकी हवं असतं, कारण त्यात तलवारी असतात. तलवारी भाड्याने मिळतात. पाठांतर मिळत नाही.

संहितेत कंसात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: रागाने, खिडकीकडे जात, थांबून. या झाल्या रंगसूचना. त्या करायच्या असतात, बोलायच्या नसतात. हसू नका. आमच्याकडे एकाने हवालदाराचं काम करताना "रागाने, चालता हो!" असं ठणकावून म्हटलं होतं, तेही प्रयोगात. तो आता मुंबईत चांगल्या नोकरीला आहे, तरी गावात आला की कोणीतरी त्याला "रागाने, चाय घेतलंस?" असं विचारतंच.

आता नक्कल. आज हा शब्द जास्त करून कॉपीला किंवा मिमिक्रीला वापरतात, पण नाटकवाल्यांची नक्कल म्हणजे एका नटाच्या कामाची वेगळी उतरवून काढलेली वही. त्यात त्याचीच वाक्यं पूर्ण, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शेवटचे शब्द म्हणजे क्यू. क्यू ऐकला की आपण बोलायचं किंवा विंगेतून बाहेर यायचं. अशा नकला मी वर्षाला आठ-दहा उतरवायचो. आता सगळ्यांच्या मोबाइलवर अख्खी संहिता येते, ते बरंच आहे, पण क्यूचं महत्त्व त्यामुळे कमी झालेलं नाही. एका वर्षी आमच्या नायकाने "म्हणून मी आलो" ऐवजी "म्हणून मी इथपर्यंत पोचलो" म्हटलं. अर्थ तोच. पण आत विंगेत सावकार "मी आलो" ऐकू येण्याची वाट बघत उभा. बाहेर नायक घाम पुसतोय, आत सावकार मिशी सावरतोय, आणि मधे मी. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, आपल्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द आपले नसतात, ते दुसऱ्याचे असतात. वाक्याच्या पोटात काय हवा तो गोंधळ घाला, शेपूट बदलू नका.

कागदपत्रांचं एका दमात सांगून टाकतो. लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि ठरलेलं मानधन आधी द्या. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र आहे का ते बघा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, म्हणून पोलीस ठाण्यात आधीच जाऊन या. पूजेची आरती लांबते, भाषणं लांबतात, आणि कात्री शेवटी नाटकालाच लागते, तेव्हा वेळ बांधून घ्या.

फणस कोणाचा

गोष्ट आणि कथानक यांत फरक आहे. समजा दोन भाऊ आहेत, मधे बांध आहे आणि बांधावर फणस. धाकटा मुंबईला गेला, थोरल्याने वीस वर्षं फणस खाल्ले, आता धाकटा सातबारा घेऊन आलाय. ही झाली गोष्ट, जशी घडली तशी. कथानक म्हणजे ती प्रेक्षकांना कोणत्या क्रमाने आणि किती दाखवायची ते. पडदा उघडल्यावर धाकटा कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभा असेल तर ते एक नाटक. थोरली वहिनी त्याच झाडाच्या गऱ्यांची सांदणं त्याला वाढताना उघडला, तर ते दुसरंच. फणस तोच, भाऊ तेच.

नाटक हलतं ते संघर्षावर. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे. एकाला काहीतरी हवंय आणि ते मिळण्याच्या आड कोणीतरी किंवा काहीतरी उभं आहे, इतकंच. आड दुसरा माणूस असेल, रीतभात असेल, कधी स्वतःचं मनही असेल. धाकट्याला झाड तोडायचंय, पण ते आईने लावलंय, हा मनातला संघर्ष. तो ताणत नेऊन जिथे आता हे किंवा ते झाल्याशिवाय सुटका नाही असं होतं, तो उत्कर्षबिंदू. प्रत्येक प्रवेश बसवताना नटाला एवढंच विचारा: तुला आत्ता काय हवंय? त्याला सांगता आलं नाही तर तो प्रवेशभर हात कुठे ठेवू याचा विचार करत राहील.

ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेचे सहा घटक सांगितले: कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. त्याने कथानकाला पहिला मान दिला आणि डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याला शेवटचा. आमच्या मंडळाची पहिली बैठक दर वर्षी प्रकाशयोजना कोणाची आणि पडदे कोणाचे यावरच होते. नाटक कोणतं हे नंतर ठरतं.

कोण कोणाशी बोलतंय

पात्र म्हणजे संहितेतला माणूस, नट म्हणजे ते काम करणारा, आणि नटाने उभं केलेलं पात्र म्हणजे भूमिका. हे तीन शब्द गावात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या शब्दांत.

संवाद म्हणजे पात्रांचं एकमेकांशी बोलणं. स्वगत म्हणजे पात्राचं स्वतःशी बोलणं. ते प्रेक्षकांना ऐकू जातं, पण मंचावरच्या इतरांना जात नाही असं धरायचं. जनांतिक म्हणजे मंचावर तिसरा असताना दोघांनी आपसात बोलायचं. तिसऱ्याला ते ऐकू आलेलं नाही, हे प्रेक्षकांनी मान्य केलेलं असतं. आकाशभाषित म्हणजे मंचावर नसलेल्या माणसाशी बोलणं, "काय म्हणालास? वाड्यात कोणी नाही?" असं. संस्कृत नाटकातला हा जुना प्रकार, आणि तरी आज मोबाइलवर बोलणारं प्रत्येक पात्र तेच करतं.

स्वगताचा घोळ फार होतो, कारण बाकीच्या नटांनी त्या वेळी काय करायचं हे कोणी सांगत नाही. नायक पुढे येऊन "हिला खरं सांगू की नको?" म्हणतो आणि मागे नायिका मान हलवते. संपलं. स्वगत चालू असताना मागच्यांना काहीतरी साधं काम द्या: तांदूळ निवडणं, पत्र वाचणं, पाठमोरं उभं राहणं. आणि स्वगत "स्वतःशी" आहे म्हणून हळू बोलू नका. शेवटच्या रांगेत आमच्या आजी बसतात. त्यांना ऐकू आलं नाही की त्या गप्प बसत नाहीत, "मोठ्यान बोल रे, आयकाक येना नाय!"

उजवी कोणाची, डावी कोणाची

मंचाची उजवी-डावी नटाची, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर जी येते ती. प्रेक्षकांच्या बाजूचा भाग तो डाऊन स्टेज, मागच्या पडद्याकडचा तो अप स्टेज. वर-खाली कुठून आलं? युरोपातले जुने रंगमंच मागून पुढे उतरते असायचे, मागे जाणारा नट खरोखरच चढ चढायचा. आमचा रंगमंच चिऱ्याचा, शाळेच्या अंगणात, सपाट. तरी शब्द तेच.

दोन्ही बाजूंना उभे पडदे किंवा फळ्या लावून केलेली आडोशाची जागा म्हणजे विंग. नट तिथून येतात, तिथेच जातात आणि तिथेच प्रॉम्प्टर बसतो. दिग्दर्शक प्रेक्षकांत बसून "डावीकडून ये" म्हणतो तेव्हा त्याची डावी नटाची उजवी असते. तीन वर्षं आमच्याकडे टकरा झाल्या. एकदा पूजेचं ताट घेऊन येणारी सून आणि रागाने निघालेला सासरा विंगेच्या तोंडाशी असे आदळले की कुंकू सासऱ्याला लागलं. मग आम्ही उजवी-डावी सोडूनच दिली. आमच्या मंचाच्या एका बाजूला माड आहेत, दुसऱ्या बाजूला शाळेची विहीर. माडाकडची विंग आणि विहिरीकडची विंग. संहितेच्या समासात मी "मा" आणि "वि" लिहितो. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकालाही आधी विहीर दाखवतो. तुमच्या गावात देऊळ असेल, डोंगर असेल, बसथांबा असेल. दिवसा नटाला दिसतं आणि रात्री आठवतं असं काहीतरी धरा.

कोणी कुठून यायचं, कुठे थांबायचं, कोणत्या वाक्यावर बसायचं, हे ठरवणं म्हणजे हालचाली बसवणं. ठरलं की त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या वाडीत बायकांची कामं आधी पुरुष करायचे, मग बाहेरून नटी यायला लागल्या, आता वाडीतल्या मुली करतात. त्या काळात नटी प्रयोगाच्या दिवशी दुपारी यायची, एकदाच तालीम व्हायची. हालचाली लिहिलेल्या होत्या म्हणून निभावलं.

एका बाकड्याचं सिंहासन

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. नेपथ्य म्हणजे मंचावर स्थळ उभं करणं: घर, अंगण, कचेरी, जे लागेल ते. पण संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नट रंगतात ती जागा. "नेपथ्ये" असं लिहिलं असेल तर आवाज आतून यायचा. वेशालाही तो शब्द होता. मागे लपलेला शब्द मराठीत पुढे येऊन बसला, प्रॉम्प्टरला हे जमलेलं नाही.

नेपथ्य किती करायचं, याचं उत्तर दशावतार या आपल्या लोकनाट्यात आहे. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रांत दशावतार होतो. मंचावर एक बाकडं. राजा बसला की सिंहासन, ऋषी बसला की आश्रम, राणी रुसून पडली की शेज. कोणीही उठून विचारत नाही. आधी आडदशावतार हा सुरुवातीचा भाग होतो, त्यात गणपती, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर. मग आख्यान, म्हणजे पुराणातली मुख्य कथा, लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लिहिलेली संहिता नाही, म्हणून प्रॉम्प्टरही नाही. काय घडायचं ते आधी ठरतं, शब्द नट तिथल्या तिथे घालतात, गायन करणारा कथा पुढे ढकलतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हाही सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, त्यात संवाद लिहिलेले होते आणि पात्रं स्वतःच पदं गाऊ लागली. माझं काम अशा लिहिलेल्या नाटकांमुळे आहे.

म्हणून रंगवलेल्या बंगल्याच्या पडद्यावर मंडळाचे पैसे घालवू नका. एक दार, एक खाट, एक कंदील पुरतो. मात्र जे ठेवाल ते वापरा. कोपऱ्यात माठ ठेवलाय आणि दोन अंकांत कोणी पाणीच प्यायलं नाही, तर माठ फुकट. हातात घ्यायच्या वस्तूंना आम्ही प्रॉपर्टी म्हणतो. पत्र, काठी, चष्मा, पानाचा डबा. त्यांची यादी विंगेत टांगा आणि एकच माणूस जबाबदार धरा. दोघे धरलेत तर वस्तू हरवलीच म्हणून समजा.

समुद्राच्या वाऱ्याने पडदा गलबताच्या शिडासारखा फुगतो, नटाच्या तोंडावर येतो. खालच्या नेफ्यात लोखंडी पाइप घाला. नेफ्यात रेती भरून पाहिली होती, ती नांदीच्या वेळी हार्मोनियमवर सांडली.

प्रकाशाबद्दल एकच. ब्लॅकआऊट म्हणजे मंचावर पूर्ण काळोख, प्रवेश बदलण्यासाठी. दिवे विझल्यावर आणि लागण्याआधी किती मोजायचं ते ठरवून घ्या, आणि तालमीत खरोखर काळोख करून बघा. आमच्याकडे खून झालेला सावकार काळोखात उठून निघाला आणि दिवेवाल्याने चारऐवजी दोनच मोजले. मढं विंगेच्या दिशेने चाललेलं सगळ्या गावाने पाहिलं.

हात, तोंड, कपडे आणि चौथं

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या जुन्या संस्कृत ग्रंथात अभिनय चार प्रकारचा. आंगिक म्हणजे अंगाने, वाचिक म्हणजे वाणीने, आहार्य म्हणजे वेश, रंग, दागिने यांनी, आणि सात्त्विक म्हणजे मन तिथे लागल्यावर शरीरावर जे आपोआप उमटतं ते: डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, घाम, कंप, आवाज फुटणं. आहार्य हा आहाराशी संबंधित नाही, हे सांगावं लागतं. माझ्या मते हौशी नटाने वाचिकावरच सगळा जोर द्यावा. शब्दाचा शेवट गिळू नका. आम्ही कोकणातले लोक वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतो, आणि क्यू तर तिथेच असतो. सात्त्विकाच्या मागे लागू नका. ग्लिसरीन लावून रडणाऱ्याकडे बघून शेवटच्या रांगेतल्या आजीही रडत नाहीत.

विंगेतून

माझ्या पहिल्या वर्षी गुरुजी बापाचं काम करत होते. मुलगा बुडाल्याची तार येते, ते वाचतात, आणि पुढचं वाक्य असतं, "दार लावून घे." तार वाचून ते थांबले. मी मोजलं, पाच, सहा, सात. मला वाटलं विसरले. मी वाक्य दिलं, तेही जरा मोठ्याने. पुढच्या रांगेतले दोघे माझ्याकडे वळले. गुरुजींनी मान न हलवता आणखी एक श्वास घेतला आणि मग वाक्य म्हटलं. नाटक संपल्यावर रंग पुसता पुसता एवढंच बोलले, "वाक्य माका येत होता. गप ऱ्हवलंय, ता नाटक होता."

त्या गप्प राहण्याला पॉझ म्हणतात. विसरणं वेगळं. दोन्हींत शांतताच असते, मग ओळखायचं कसं? विसरलेला नट आवंढा गिळतो, त्याची नजर सैल होते आणि हळूच विंगेकडे सरकते. पॉझ घेतलेल्याची नजर कशावर तरी रुतलेली असते, बोटांनी काहीतरी धरलेलं असतं. शिवाय तालमीत जिथे जिथे पॉझ ठरतो तिथे मी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारतो. एक श्वास, एक रेघ. गुरुजींच्या त्या जागेवर आता चार रेघा आहेत.

प्रॉम्प्टिंग करणाऱ्याने पहिले दोन शब्द द्यावेत, पूर्ण वाक्य कधीच नाही. भाव न घालता, कोरडे द्यावेत. बोट ओळीवर आणि डोळा नटावर ठेवावा. नाटक बघत बसू नये. चांगलं रंगलं की हे सर्वांत कठीण जातं.

बसवणं, उभं राहणं, पडणं

नाटक आधी बसवतात, मग ते उभं राहतं, आणि नशीब वाईट असेल तर पडतं. बसवण्याचा क्रम असा. आधी वाचन: सगळ्यांनी गोल बसून, घाई न करता, दोन-तीनदा. मग वही हातात घेऊन हालचाली. मग वहीशिवाय, माझ्या भरवशावर. शेवटी रंगीत तालीम: वेश, रंग, दिवे, संगीत, सगळं प्रयोगासारखं, मधे न थांबता. आमच्याकडे रंगीत तालीम आदल्या रात्री व्हायची आणि चुका दुरुस्त करायला दिवसच उरायचा नाही. दोन दिवस आधी ठेवा. एक महिना रोज दोन तास धरा, त्यातला आठवडा कोणाच्या तरी लग्नात जाईल हे धरूनच.

प्रयोगाच्या रात्री नटराजाला नारळ. तीन घंटा: पहिली झाली की नटांनी रंगून तयार, दुसरीला विंगेत, तिसरीला पडदा. नांदी म्हणजे सुरुवातीचं ईशस्तवन, तेव्हा सगळे नट हात जोडून उभे असतात आणि निम्म्यांचे ओठ पहिलं वाक्य पुटपुटत असतात. संस्कृत नाटकाच्या शेवटी सर्वांचं भलं मागणारं भरतवाक्य असायचं. आमच्याकडे त्या जागी आभार असतात. ते भरतवाक्यापेक्षा बरेच लांब असतात.

पडदा पडला की आवराआवर. प्रॉपर्टीची यादी काढा आणि एकेक वस्तू तपासून सकाळी ज्याची त्याला पोचवा: पितळी लोटा वहिनींना, काठी आबांना, कंदील देवळात. मागच्या वर्षीचा एक चष्मा अजून माझ्याकडे आहे. काळी फ्रेम, डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला. सावकाराने वापरला होता. कोणाकडून आणला ते त्याला आठवत नाही, आणि वाडीत तो आपला असल्याचं कोणी कबूल करत नाही.